बासवाल्याचं बोट धरून जॅझच्या रेकॉर्ड्स

जॅझच्या रेकॉर्ड्स जमवायच्या म्हटलं की पहिल्यांदा हाती पडते ती 'आवर्जून घ्याव्यात अशा' दहा नाहीतर शंभर रेकॉर्ड्सची यादी. यादीत वाईट काही नसतं. पण दहा रेकॉर्ड्स घरी येतात, त्यांचं एकमेकींशी नातं काय ते कळत नाही, दोन आवडतात आणि बाकीच्या कपाटात उभ्या राहतात. म्हणून नव्या माणसाला मी यादी देत नाही. एक बासवादक, म्हणजे उभ्या मोठ्या तंतुवाद्यावर खर्ज सांभाळणारा, निवडा आणि तो जिथे जिथे गेला तिथे त्याच्या मागे जा, असं सांगतो.

बासवादकच का? १९५० आणि ६० च्या दशकांत पुढे उभा राहून ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन वाजवणारा बहुतेक वेळा एका कंपनीशी कराराने बांधलेला असे. मागचा बासवाला मात्र आज या स्टुडिओत, उद्या त्या. त्याचा माग काढला की सगळ्या मोठ्या कंपन्या, त्यांचे ध्वनिमुद्रक, त्यांची लेबलं आपोआप ओळखीची होतात. शिवाय बास ऐकायची सवय लागली की जॅझमधला निम्मा गोंधळ कमी होतो. या लेखापुरता मी पॉल चेंबर्स घेतला आहे. १९३५ साली जन्मला, १९६९ च्या जानेवारीत अवघ्या ३३ व्या वर्षी गेला. आणि मधल्या काळातल्या जॅझच्या निम्म्या उत्तम रेकॉर्ड्सवर हाच कसा, असा प्रश्न पडावा इतकं वाजवून गेला.

यंत्र: निदान बास ऐकू येईल एवढं

टर्नटेबल, त्याच्या टोनआर्मला लावलेलं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), फोनो प्रीअँप, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर, एवढी ही साखळी. फोनो प्रीअँप कधी अँप्लिफायरच्या किंवा टर्नटेबलच्या पोटातच असतो. नसला तर वेगळा घ्यावा लागतो. तो का लागतो हे समजून घेतलेलं बरं. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात आणि वरचे वाढवतात, नाहीतर खर्जातल्या स्वरांच्या खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर वीस मिनिटं मावणार नाहीत. वाजवताना प्रीअँप हे बरोबर उलटं करतो. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून या दाबण्या-वाढवण्याचं एकच प्रमाण सगळ्या उद्योगाने स्वीकारलं. प्रीअँपशिवाय लावलेली रेकॉर्ड बारीक आणि किरकिरी वाजते, आणि चेंबर्स तर जवळजवळ गायबच होतो.

उभ्या बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते. अगदी लहान स्पीकरमधून तो मूळ स्वर येतच नाही, वरचे उपस्वर तेवढे येतात. त्यामुळे पैसे वाटताना स्पीकरचा वाटा थोडा मोठा ठेवा. स्पीकर टर्नटेबलच्याच फळीवर ठेवू नका. बासची थरथर सुईपर्यंत पोचते आणि सगळं गढूळ होतं.

सूटकेससारख्या पेटीत सगळं बसवलेले स्वस्त प्लेअर मी सुचवत नाही. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत सुईचा भार बदलता येत नाही आणि तो गरजेपेक्षा जास्त असतो. साधारण कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. नेमका आकडा कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. छोटा डिजिटल काटा मिळतो, त्यावर मोजूनच लावा. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड कमी झिजेल हा समज उलटा आहे. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, जोरकस स्वराला भिंतींवर आपटते आणि तिथेच कायमचं नुकसान करते. यंत्र समपातळीत आहे ना तेही पाहा. सुई किती तास चालली याचा अंदाज ठेवा. प्रकारानुसार पाचशे ते हजार तासांच्या आसपास ती बदलायची असते.

पहिली रेकॉर्ड, आणि ती ऐकायची कशी

सुरुवात ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'पासून करा. सगळेच तेच सांगतात हे खरं, पण आपलं कारण वेगळं आहे. पहिल्या चिजेत, 'सो व्हॉट'मध्ये, पियानो आणि बासची अंदाज घेत चाललेली छोटी प्रस्तावना संपली की मुख्य धून वाजवतो तो बास. चेंबर्स एक वाक्य म्हणतो आणि बाकीचे दोन स्वरसमूहांत त्याला उत्तर देतात.

एकदा पूर्ण बाजू काहीही न करता ऐका. मग तीच बाजू पुन्हा लावा आणि सोलो कोणाचाही चालू असो, लक्ष फक्त बासवर ठेवा. 'सो व्हॉट'चं एक आवर्तन ३२ बारचं आहे (एक बार म्हणजे चार मात्रा): आठ, आठ, मग आठ बार सगळं अर्ध्या स्वराने वर सरकतं, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. ख्यालाच्या मैफलीत समेची वाट पाहायची सवय ज्यांना आहे, त्यांना इथे फारसं शिकवावं लागत नाही. फक्त सम ठेक्याऐवजी बासकडून ओळखायची. ते सतराव्या बारला वर सरकणं एकदा पकडीत आलं की सोलो किती आवर्तनांचा झाला, वादक कुठे संपवतोय, पुढचा कुठे उचलतोय हे आपोआप कळू लागतं. तिसऱ्या वेळी ड्रमवाल्याची मोठी झांज ऐका. बास आणि ती झांज या दोघांची चाल एकच असते, पण एक किंचित पुढे ओढत असतो की मागे रेलतो, यातच त्या दोघांचं नातं असतं.

जॅझला बहुतेक वेळा हाच साचा असतो: धून, सोलो, पुन्हा धून. धून ३२ बारची असते किंवा १२ बारच्या ब्लूजची. रेकॉर्डची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, म्हणजे दोन-तीन चिजा. एका बैठकीला एक बाजू पुरे. उठून बाजू उलटावी लागते हा विनाइलचा तोटा मानत नाही मी. तेवढ्या वेळात ऐकलेलं बसतं.

मलपृष्ठावरची नावं

आता कव्हर उलटं करा. मागे वाजवणाऱ्यांची नावं, बहुधा ध्वनिमुद्रणाची तारीख आणि जागा असते. संग्रहाचा नकाशा तोच. चेंबर्सच्या बाबतीत तो साधारण असा उलगडतो.

१९५६ साली मे आणि ऑक्टोबरमधल्या दोन दिवसांत माइल्सच्या पंचकाने प्रेस्टीज कंपनीसाठी चार रेकॉर्ड्सचा ऐवज भरून दिला. 'रिलॅक्सिन' आणि 'कुकिन' त्यांतल्याच. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर, जागा न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमधल्या त्याच्या आईवडिलांच्या घराची बैठकीची खोली. व्हॅन गेल्डर तेव्हा दिवसा डोळे तपासून चष्मे देत असे. पंचकातले तिघे, म्हणजे रेड गार्लंडचा पियानो, चेंबर्सचा बास आणि फिली जो जोन्सचे ड्रम, हे त्या काळचं सर्वांत मागणी असलेलं त्रिकूट.

तेच तिघे १९५७ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये कंटेंपररी कंपनीच्या 'आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन'वर आहेत. इथे ध्वनिमुद्रक रॉय ड्युनान आणि स्टुडिओ म्हणजे कंपनीची माल ठेवायची खोली. ही रेकॉर्ड आणि 'रिलॅक्सिन' एकामागून एक लावा. माणसं तीच, महिन्यांचं अंतर, आणि आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. व्हॅन गेल्डरचा आवाज जवळचा, जोरकस, पियानो थोडा डबीत बंद केल्यासारखा. ड्युनानचा मोकळा, कोरडा, प्रत्येक वाद्याभोवती हवा असलेला. बासच्या तारेवरचं बोट ड्युनानकडे स्पष्ट ऐकू येतं. 'ब्लू नोटचा आवाज' (त्याही कंपनीचा ध्वनिमुद्रक व्हॅन गेल्डरच), 'कंटेंपररीचा आवाज' असं संग्राहक बोलतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं, ते या एका संध्याकाळी समजतं.

ब्लू नोट कंपनीत चेंबर्स सारखाच दिसतो. १९५७ ची 'बास ऑन टॉप' त्याच्या स्वतःच्या नावावर आहे, आणि पहिलीच चीज तो गजाने वाजवतो. गजाने केलेले त्याचे सोलो सगळ्यांना रुचत नाहीत. मला रुचतात, पण आवाज खरखरीत आहे हे कबूल. १९५८ च्या जानेवारीतली सनी क्लार्कची 'कूल स्ट्रटिन' फिली जोसोबत. १९६० च्या फेब्रुवारीतली हँक मोबलीची 'सोल स्टेशन' ड्रमवादक आर्ट ब्लेकीसोबत. जॅझ अवघड आहे असं म्हणणाऱ्याला लावून दाखवावी अशी.

आणि मग १९५९. 'काइंड ऑफ ब्लू'चं दुसरं सत्र २२ एप्रिलला झालं, त्या दिवशी चेंबर्सला चोवीस पूर्ण झाली. बारा दिवसांनी, ४ मे रोजी, तो अटलांटिक कंपनीसाठी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'च्या ध्वनिमुद्रणाला उभा आहे. 'सो व्हॉट'मध्ये ३२ बारांत मिळून हार्मनी, म्हणजे मागची स्वरजुळणी, दोनच जागी मुक्काम करते. 'जायंट स्टेप्स'च्या शीर्षक चिजेत ती भन्नाट लयीत जवळजवळ दर दोन मात्रांना बदलते. पियानोवादक टॉमी फ्लानागनची सोलोत दमछाक होते ती स्पष्ट ऐकू येते. खाली चेंबर्स मात्र रस्ता पाठ असल्यासारखा चालत असतो. त्याच रेकॉर्डवरचा 'मिस्टर पी. सी.' हा ब्लूज कोल्ट्रेनने त्याच्याच नावाने केला. १९६१ मध्ये इम्पल्स कंपनीची ऑलिव्हर नेल्सनची 'द ब्लूज अँड द अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ट्रुथ' आली की नकाशावर सगळी मोठी गावं होतात.

या आठ-नऊ रेकॉर्ड्स वर्षभरात घ्या. प्रत्येकीवर बासखेरीज आणखी निदान तीन नावं आहेत आणि त्यांतलं एखादं तुम्हाला तिसरीकडेच घेऊन जाईल. तिकडे जा.

मोनो की स्टीरिओ

मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच प्रवाहात, स्टीरिओ म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा. स्टीरिओ रेकॉर्ड्स बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं तीच रेकॉर्ड मोनो आणि स्टीरिओ अशा दोन्ही रूपांत निघत असे. १९५७ पर्यंतच्या जॅझला मोनो हेच साधारण मूळ रूप. पुढच्या काळासाठी सरसकट नियम नाही. ब्लू नोटसाठी व्हॅन गेल्डर १९५८ च्या अखेरीपासून दोन ट्रॅकच्या टेपवर मुद्रण करे आणि मोनो रेकॉर्ड त्याच टेपमधून एकत्र करून काढली जाई. तेव्हा 'मोनोच खरं' हा आग्रह तिथे फारसा टिकत नाही. सुरुवातीच्या स्टीरिओत वाद्यं टोकाटोकाला असतात, सॅक्सोफोन एका स्पीकरमध्ये आणि ड्रम दुसऱ्यात. हेडफोनवर ते त्रासदायक होतं, खोलीत तेवढं नाही.

एक मात्र टाळाच: मूळ मोनो टेपवरून 'इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टीरिओ केलेली' आवृत्ती. कव्हरवर तसं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि बास हमखास पसरट लागतो.

कोणती आवृत्ती घ्यावी

एकाच रेकॉर्डच्या पन्नास-पन्नास आवृत्त्या असतात. डिस्कॉग्ज या डेटाबेसवर त्या छायाचित्रांसह पाहायला मिळतात. विकत घेण्याआधी तिथे पाच मिनिटं घालवा.

ओळख पटवायची ती लेबलवरून आणि शेवटच्या चिजेनंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते, तिच्यावरून. संग्राहक तिला डेड वॅक्स म्हणतात. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. पट्टीवर कोरलेले किंवा ठोकलेले अंक आणि खुणा दिसतील. ब्लू नोटच्या रेकॉर्डवर 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' असेल तर लॅकर, म्हणजे छपाईचे साचे ज्यावरून बनतात ती मूळ तबकडी, त्याने स्वतः कापलं आहे. जवळच कानासारखी दिसणारी छोटी खूण असेल तर रेकॉर्ड प्लॅस्टिलाइट कारखान्यात छापलेली, म्हणजे ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या कंपनीकडे जाण्याआधीची, साधारण १९६६ पर्यंतची. लिबर्टीने उरलेली जुनी लेबलं काही काळ वापरली, त्यामुळे लेबलवर न्यूयॉर्कचा पत्ता आहे म्हणून रेकॉर्ड पहिल्या छपाईची, असं समजू नका, कान शोधा. आणि कान नसला तरी व्हॅन गेल्डरची खूण असेल तर नाक मुरडू नका. साचे बरेचदा तेच असतात, आवाजही जवळपास तोच, आणि किंमत कितीतरी कमी. कोलंबियाच्या ('काइंड ऑफ ब्लू' याच कंपनीची) लेबलवर डाव्या-उजव्या कडेला तीन-तीन असे सहा 'डोळे' असतील तर ती १९६२ च्या सुमाराआधीची.

पहिली छपाई म्हणजे सर्वोत्तम आवाज, हे मात्र नेहमी खरं नसतं. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूचं मुद्रण झालं तेव्हा टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे ती बाजू वाजताना थोडी चढी लागते. दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून हे दुरुस्त झालं ते १९९२ मध्ये. सहा डोळ्यांच्या मागे धावणारे चढा स्वरच विकत घेतात. हौसेला मोल नाही, पण माहीत असावं.

ऐकण्यासाठी नव्या चांगल्या आवृत्त्या घ्या. ब्लू नोटची टोन पोएट मालिका २०१९ पासून निघते आहे. मूळ टेपवरून केव्हिन ग्रे या तंत्रज्ञाने कापलेली, उत्तम छापलेली. प्रेस्टीज, रिव्हरसाइड आणि कंटेंपररीच्या जुन्या खजिन्यासाठी ओरिजिनल जॅझ क्लासिक्स ही मालिका १९८० च्या दशकात सुरू झाली. तिच्या त्या काळच्या प्रती साध्या दिसतात, छान वाजतात. जपानी छपाई शांत आणि निगुतीची असते, पण बहुतेक वेळा टेपच्या नकलेवरून केलेली.

सावध राहायचं ते युरोपातल्या अनोळखी नावांच्या स्वस्त आवृत्त्यांपासून. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०१३ पासून तो ७० झाला, पण आधीच संपलेले हक्क परत जिवंत झाले नाहीत. म्हणजे १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं जवळजवळ सगळं जॅझ तिथे कोणीही छापू शकतो, आणि मूळ टेप हाताशी नसताना छापतोही. १८० ग्रॅमची जाड तबकडी ही आवाजाची हमी नाही. कशावरून कापली, कोणी कापली हे कव्हरवर सांगितलेलं नसेल तर गृहीत धरा की सांगण्यासारखं नाही. 'संपूर्ण अ‍ॅनालॉग' या शब्दांवर तरी किती जीव टाकायचा? २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या कित्येक नावाजलेल्या आवृत्त्यांत डिजिटल टप्पा असल्याचं बाहेर आलं, आणि तोवर त्यांची तोंडभर स्तुती करणाऱ्यांत नुसत्या कानाने तो कोणी पकडला नव्हता.

वापरलेली रेकॉर्ड घेताना

विक्रेते दर्जा लिहितात: मिंट, निअर मिंट, व्हीजी (म्हणजे व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड. 'गुड' म्हणजे वाईट, हे आधी लक्षात घ्या. जॅझमध्ये शांत जागा खूप असतात, त्यामुळे व्हीजी प्लसच्या खाली शक्यतो उतरू नका. दर्जा नुसता पाहून ठरवला की वाजवून, हे विचारा. उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर सोडून द्या.

रेकॉर्ड हातात मिळाली तर कव्हरपेक्षा तबकडीला वेळ द्या. एकाच प्रखर दिव्याखाली ती सावकाश तिरकी करत फिरवा. कागदी पाकिटाने उठलेले केसासारखे ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. खाचांना आडवा गेलेला, बोटाला जाणवणारा चरा येतो: रेकॉर्ड मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे दर १.८ सेकंदांनी एक टिचकी. लेबलवर मधल्या भोकाभोवती फिकट रेघांचं जाळं दिसलं तर रेकॉर्ड खूप वाजलेली आहे. खरा दगा देते ती झीज. जुन्या काळच्या जड टोनआर्मने खाचेच्या भिंती खरवडलेल्या असतात; तबकडी चकचकीत दिसते आणि ट्रंपेट चढला की फाटतो. पृष्ठभागावर राखाडी छटा ही तिची खूण, पण खात्री वाजवूनच होते. बाजूच्या शेवटच्या पाच मिनिटांतली जोरकस जागा लावून पाहा. आतल्या फेऱ्यांत झीज आधी कळते.

कोपरा छाटलेलं किंवा भोक पाडलेलं कव्हर म्हणजे न खपलेला, उतरत्या भावात काढलेला माल. रेकॉर्डला त्याचं काही नसतं. अशा प्रती मी आनंदाने घेतो.

धुणं आणि ठेवणं

जुनी रेकॉर्ड आली की आधी धुवा, मग वाजवा. मळलेल्या खाचेत सुई चालवणं म्हणजे मळ आत ठासणं. डिस्टिल्ड पाणी, त्यात रेकॉर्डसाठी मिळणाऱ्या द्रावाचे थोडे थेंब, मऊ ब्रश. हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबल कोरडं ठेवा. साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून घ्या आणि उभी वाळवा. अल्कोहोल असलेला द्राव ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला चुकूनही लावू नका, लाख विरघळते. धुतलेली रेकॉर्ड जुन्या कळकट पाकिटात परत घालू नका. नवं अँटिस्टॅटिक पाकीट घ्या आणि जुनं छापील असेल तर कव्हरमागे जपून ठेवा. रोज वाजवण्याआधी कार्बन फायबर ब्रशचा एक फेरा पुरतो.

रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, फार खेचून नाही आणि फार सैलही नाही. तिरक्या राहिल्या की वाकतात. ऊन आणि उष्णता टाळा. कव्हरवर मऊ पीव्हीसीची पाकिटं घालू नका, वर्षानुवर्षांत ती रेकॉर्डवर धूसर डाग सोडतात. शंभर रेकॉर्ड्सचं वजन पंचवीस किलोच्या पुढे जातं, फळी त्या हिशेबाने करा.

चेंबर्सनंतर

यादी ठेवा, पण कलाकारापुढे रकाना बासवादकाचाही करा. वर्षभरात त्या रकान्यात एकच नाव वारंवार येऊ लागलं की तुमचा पुढचा माणूस ठरला. स्कॉट लाफारो निवडलात तर खर्च बेताचा: पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटासोबत त्याने २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये वाजवलं, त्या एका दिवसातून रिव्हरसाइडने दोन अजोड रेकॉर्ड्स काढल्या, आणि अकराव्या दिवशी तो मोटार अपघातात गेला. रॉन कार्टर निवडलात तर गोष्ट वेगळी. २०१५ मध्ये गिनेसने त्याच्या नावावर २,२२१ ध्वनिमुद्रणं मोजली. तिथे मात्र १९६३ ते १९६८ मधल्या माइल्सच्या पंचकापुरतंच ठरवून सुरुवात करा, आणि फळी आणखी एक बसवून घ्या.